मोटारीचें नीरम



काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची ती बुटकी टॅक्सी आपणांपैकीं पुष्कळांच्या आठवणींत असेल. प्रीमियर पद्मिनी हें तिचें नांव. मुंबईंत त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत 29 ऑक्टोबर 2003 रोजीं झाली, आणि 20 वर्षांची मुदत भरतांच, 30 ऑक्टोबर 2023 पासून, तीहि रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं हळहळ व्यक्त केली, जुनीं छायाचित्रें छापलीं. मला मात्र त्या दिवशीं आठवला तो पांढऱ्या चिनी मातीचा एक बोटभर तुकडा. मोटारीच्या ठिणगीच्या तारेंत बसविण्याचा हा विजेचा रोधक. बाजारांत त्यास ‘रेझिस्टन्स’ म्हणतात, पुस्तकांत बॅलास्ट रेझिस्टर. आमच्या घरांतील एका माणसाची भाकरी एका पावसाळ्यांत या तुकड्यावर अवलंबून होती, म्हणून त्याच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

आधींच सांगून टाकतों कीं, मी यंत्रविद्येचा जाणकार नव्हें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा 1974 सालीं उतरलों, पुढें शिक्षकाची पदविका घेतली, आणि परळकडील एका प्राथमिक शाळेंत अंकगणित व सामान्य विज्ञान शिकविण्यांत नोकरीचीं सारीं वर्षें गेलीं. ओमचा नियम मीं मॅट्रिकच्या वर्गांत पाठ केला होता. परीक्षेंत त्यावर एक उदाहरण आलें, तें सोडविलें, गुण मिळाले, आणि त्यानंतर 30 वर्षें त्या नियमाचें व माझें कांहीं काम पडलें नाहीं. त्याचें पुन्हां दर्शन झालें तें थेट गॅरेजांत.

माझे थोरले मावसभाऊ, आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असूं, लालबागच्या एका गिरणींत साचेखात्यांत कामास होते. 18 जानेवारी 1982 रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतल्याचें कोणीं सांगितलें नाहीं, आणि दादांची गिरणीहि त्यांच्यापुरती पुन्हां उघडली नाहीं. कोणी गांवीं गेले, कोणीं भाजीची पाटी घेतली; दादांनीं परवाना व बिल्ला काढला आणि ते दुसऱ्याची टॅक्सी रात्रपाळीनें चालवूं लागले. अशीं 15 वर्षें काढल्यावर त्यांनीं स्वतःची पद्मिनी घेतली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई. मूळ नमुना इटलीच्या फियाट 1100 चा, यंत्र चार सिलिंडरचें. गिरणींत वाढलेला माणूस यंत्राला भीत नाहीं. तेल, पाणी, प्लग दादा स्वतः पाहत. विजेपुढें मात्र ते हात जोडीत.

2000 च्या पुढील दोन-तीन वर्षांत न्यायालयाच्या आदेशांमुळें शहरांतील जुन्या टॅक्सी सी.एन.जी.वर वळल्या. दादांनींहि आपल्या गाडीस वायूची टाकी बसवून घेतली. इंधनाचा खर्च वांचला, धूर कमी झाला. परंतु हा वायु पेट्रोलच्या वाफेपेक्षां पेटावयास हट्टी आहे. तो पेटविण्यासाठीं प्लगच्या फटींत अधिक दाबाची ठिणगी लागते. पेट्रोलवर कसेबसे निभावून नेणारे जुने प्लग आणि थकलेल्या कॉइली वायूवर उघड्या पडल्या. 2004 च्या जूनमध्यें दादांची गाडी चढावर आचके देऊं लागली, तेव्हां एका गॅरेजवाल्यानें जुनी कॉइल काढून नवी ‘पॉवरची’ कॉइल बसवून दिली. तें गॅरेज आतां नाहीं, आणि त्याच्या नांवाशीं आपल्याला कर्तव्यहि नाहीं.

पहिले चार दिवस गाडी घोड्यासारखी पळाली. पांचव्या दिवशीं रस्त्यांत बसली. पाहतात तों डेल्कोंतील पॉइंट जळून काळे पडलेले. पॉइंट बदलले. आठवड्यानें पुन्हां तेंच. हिंदमाताच्या चौकांत पाणी सांचलें होतें, तेव्हां डेल्कोंत पाणी शिरलें असें निदान झालें. मग कंडेन्सर बदलला. मग पुन्हां पॉइंट. पावसाळ्यांत मुंबईंतील कोणत्याहि बिघाडाचें खापर पावसावर फोडतां येतें, आणि ही सोय फार घातक आहे. खरें कारण शोधण्याची निकड कोणालाच राहत नाहीं.

एका संध्याकाळीं दादरहून एका आजारी म्हाताऱ्या बाईंना व त्यांच्या मुलाला घेऊन दादा परळच्या इस्पितळाकडे निघाले. अंतर तें केवढें! पण रस्ता तुंबलेला, गाड्या मुंगीच्या पावलानें सरकत होत्या. निम्म्या वाटेंत गाडी बंद पडली. टप उघडून पाहिलें तों कॉइल इतकी तापलेली कीं हात लावतां येईना. भर पावसांत दादांनीं त्या बाईंना उचलून दुसऱ्या टॅक्सींत बसविलें, झालेलें भाडें घेतलें नाहीं, आणि गाडी ढकलीत कडेला घेतली. रात्रीं ते माझ्याकडे आले. जेवावयास बसा म्हटलें, तर बसले नाहींत. म्हणाले, “मास्तर, तूं शिकलेला. एवढंच सांग, गाडी विकूं कीं ठेवूं?”

विकणें म्हणजे पुन्हां दुसऱ्याच्या गाडीवर रात्रपाळी. दादांना तेव्हां पन्नाशी उलटून चार वर्षें झालीं होतीं. मी कांहींच बोललों नाहीं. सकाळीं तुमच्याबरोबर गॅरेजांत येतों, एवढेंच म्हणालों.

आतां ठिणगी कशी पडते तें थोडक्यांत सांगतों, म्हणजे पुढील घोटाळा ध्यानांत येईल. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची. एवढ्या दाबानें फटींतून ठिणगी उडत नाहीं; त्यासाठीं हजारों व्होल्ट लागतात. तें काम कॉइल करते. तिच्या पोटांत लोखंडी गाभ्याभोंवतीं तारेचे दोन वेढे असतात, एक जाड तारेचा व थोड्या फेऱ्यांचा, दुसरा केंसासारख्या तारेचा व हजारों फेऱ्यांचा. डेल्कोंतील पॉइंट मिटले कीं जाड तारेंतून प्रवाह वाहूं लागतो आणि गाभ्यांत चुंबकशक्ति सांठते. पॉइंट उघडतांच प्रवाह तुटतो, सांठलेली शक्ति एकाएकीं कोसळते, आणि बारीक तारेंत क्षणमात्र प्रचंड दाब उत्पन्न होतो. तोच प्लगपर्यंत पोंचतो. चार सिलिंडरच्या या यंत्राला प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. यंत्र मिनिटास 3000 फेरे करीत असेल तर मिनिटास 6000 ठिणग्या, म्हणजे सेकंदास 100. पॉइंटहि तितक्याच वेळां मिटतात व उघडतात. त्यांचें मिटलेलें असणें म्हणजे चाळींतील नळाला पाणी असण्याची वेळ समजा. तेवढ्या अवधींत हंडा भरला पाहिजे. बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची ही रचना 1910 च्या सुमारास अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यानें मोटारींत रूढ केली. हा गृहस्थ तरुणपणीं खेड्यांतील शाळेंत मास्तर होता, हें वाचून मला उगाच बरें वाटलें होतें.

गॅरेजांत गेल्यावर मीं एकच शहाणपणाची गोष्ट केली. रॉकेलच्या बोळ्यानें ती नवी कॉइल पुसून काढली. तेलकट मळाखालीं बारीक इंग्रजी अक्षरें होतीं. त्यांचा अर्थ एवढाच कीं, ही कॉइल बाहेरील रोधकासह वापरावी.

मिस्त्रीला विचारलें. तो सरळ माणूस होता, लपविलें नाहीं. म्हणाला, “डब्यांत पांढरा तुकडा होता, मास्तर. पण तो करंट खातो. वायूच्या गाडीला करंट जास्त पाहिजे, म्हणून मीं तो लावला नाहीं. जुन्या कॉइलला कुठं होता तुकडा?”

त्याचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड होतें. जुन्या कॉइलला खरोखरच असा तुकडा नव्हता, आणि तीवर गाडी सात वर्षें चालली होती. शेजारच्या रेडिओदुरुस्तीवाल्याकडून मीं विजेचा मीटर मागून आणला. त्याचीं दोन टोंकें एकमेकांस टेकविलीं तर आंकडा 0.4 दाखवी. हा मीटरच्या स्वतःच्या तारांचा विरोध. तो प्रत्येक मोजणींतून वजा करावयाचा. डिकींत पडलेली जुनी कॉइल मोजली. 3.4 आले, 0.4 वजा जातां 3 ओम. नवी मोजली. 1.9 आले, म्हणजे दीड ओम. इतका वेळ दोन्ही कॉइली एकाच मापाच्या, एकाच आकाराच्या दिसत होत्या.

नभोवाणीवरून आंकडे सांगूं नयेत असा संकेत आहे, पण हे आंकडे लहान आहेत. ज्यांच्या हाताशीं पेन्सिल असेल त्यांनीं मांडून पाहावे. गाडी चालू असतां विजेचा दाब सुमारें 14 व्होल्ट असतो. दाबाला विरोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो, हाच ओमचा नियम. जुन्या कॉइलींतून 14 भागिले 3, म्हणजे सुमारें 4.7 अँपियर. नव्या कॉइलींतून 14 भागिले दीड, म्हणजे 9.3 अँपियर. प्रवाह दुप्पट झाला, आणि दाब तोच असल्यानें उष्णताहि दुप्पट. पूर्वीं पॉइंट मिटलेले असतां कॉइलींत 65 वॉट जिरत होते, तेथें आतां 130 जिरूं लागले. पॉइंट सुमारें दोन-तृतीयांश वेळच मिटलेले असतात, त्यामुळें प्रत्यक्षांत दोन्ही आंकडे कमी भरतील. पण एकास दोन हें प्रमाण तेंच राहील. सावकाश चालींत तर हा त्रास अधिक. यंत्र वेगांत असतें तेव्हां प्रवाह पुरता चढण्यापूर्वींच पॉइंट उघडतात. गाडी सिग्नलला घुटमळत उभी असते तेव्हां प्रवाहाला पूर्ण चढावयास भरपूर अवकाश मिळतो. म्हणूनच ती गाडी मोकळ्या रस्त्यावर पळे आणि परळच्या गर्दींत बसे. इतका मोठा प्रवाह पॉइंटांनीं घटकोघटकीं तोडावयाचा, मग ते जळतील नाहीं तर काय? पावसाचा यांत कांहीं अपराध नव्हता.

आतां दीड ओमचा पांढरा तुकडा कॉइलच्या वाटेंत बसवा. एकंदर विरोध 3 ओम, प्रवाह पुन्हां 4.7 अँपियर. उष्णतेचा अर्धा भाग कॉइलींत, अर्धा त्या तुकड्यांत. मीं हें गॅरेजच्या फरशीवर खडूनें मांडून दाखविलें. मिस्त्री बराच वेळ आंकड्यांकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “म्हणजे गरम व्हायचंच, तर बाहेर होऊं दे.” याहून नेमकें मला सांगतां आलें नसतें. दादांनीं विचारलें, “मास्तर, हें तूं पोरांना शिकवतोस?” सातवीपर्यंतच्या पुस्तकांत हा नियम येत नाहीं, असें मीं उत्तर दिलें. उत्तर खरें होतें, तरी मला थोडी शरम वाटली. ज्याचा हा नियम, तो जॉर्ज सायमन ओम कोलोनच्या एका शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्यानें स्वतःच्या हातानें तारा ताणून प्रयोग केले आणि 1827 सालीं नियम प्रसिद्ध केला. त्याच्या देशांत प्रथम कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. 1841 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोपली पदक दिलें, तेव्हां लोकांचे डोळे उघडले.

आपणांपैकीं कोणी म्हणेल, हा द्राविडी प्राणायाम कशाला? आधीं दीड ओमची कॉइल करावयाची, मग बाहेर दीड ओमचा तुकडा जोडून बेरीज तीनच करावयाची, त्यापेक्षां 3 ओमची जुनी कॉइल काय वाईट? माझ्याहि मनांत हाच प्रश्न आला होता, आणि त्याचें उत्तर मला लॅमिंग्टन रोडवरील एका वयस्कर दुकानदारानें दिलें.

गाडी सुरू करतांना, म्हणजे ज्याला आपण सेल्फ मारणें म्हणतों त्या वेळीं, तो सेल्फ बॅटरींतून शंभरावर अँपियर ओढून घेतो. बॅटरीचा दाब तेवढ्यापुरता 12 वरून 9-10 पर्यंत खालीं येतो. थंडीच्या सकाळीं किंवा बॅटरी जुनी असेल तर आणखी खालीं. नेमकी जेव्हां चांगली ठिणगी हवी, तेव्हांच वीज दुबळी! 3 ओमच्या कॉइलींतून त्या वेळीं 9 भागिले 3, म्हणजे 3 च अँपियर जाणार. पण दीड ओमची कॉइल असेल, आणि सेल्फ फिरत असेपर्यंत तिला रोधकाला वळसा घालून सरळ वीज दिली, तर 9 भागिले दीड, म्हणजे 6 अँपियर मिळतात. यंत्राने पेट घेतला, चावी सोडली, कीं वळसा बंद होतो आणि रोधक पुन्हां वाटेंत येतो. अमेरिकेंत 1950 नंतरच्या दशकांत मोटारी 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर गेल्या, त्या सुमारास ही युक्ति सर्रास झाली. शिवाय दीड ओमच्या कॉइलींत जाड तारेचे फेरे कमी असतात, त्यामुळें प्रवाह लवकर चढतो. मघांचा दृष्टान्त घ्यावयाचा तर हंडा लवकर भरतो, आणि यंत्र वेगांत असलें तरी ठिणगी लंगडी पडत नाहीं.

रोधकाच्या आंतील तारेचाहि एक गुण आहे. ती तापली कीं तिचा विरोध वाढतो. गाडी रेंगाळत असली कीं तार तापते आणि प्रवाहाला अधिक आवरते. गाडी वेगांत निघाली कीं सरासरी प्रवाह घटतो, तार निवते आणि वाट थोडी मोकळी करून देते. ड्रायव्हरनें कांहीं करावयाचें नाहीं. बॅलास्ट हा शब्द मूळचा जहाजांचा. कोंकणांत आमच्या आजोळीं गलबत मालाविना परतूं लागलें म्हणजे तळाशीं दगड भरीत, त्यास नीरम म्हणत. नीरम नसलेलें रिकामें गलबत हलकें असतें खरें, पण पहिल्या वाऱ्यालाच कलंडतें. मिस्त्रीला हा शब्द सांगितल्यावर तो हंसला. तोहि मालवणकडचाच निघाला.

डब्यांतील तुकडा एव्हांना केरांत गेला होता. चोर बाजारांत जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या ढिगांत आम्हांला एक सांपडला, मोजून 1.6 ओम भरला, आणि आम्ही विजयी वीरांसारखे परत आलों. त्यानंतर ज्या दोन चुका झाल्या, त्यांतील पहिली सर्वस्वी माझी.

तुकडा कोठें बसवावा, याचा मीं विचारच केला नाहीं. तारांचा जुडगा जवळून जात होता, त्यालाच तो चिकटपट्टीनें गुंडाळून टाकावयास मीं सांगितलें, दिसण्यांत नीटनेटकें. अर्ध्या तासांत जळक्या रबराचा वास सुटला. तारांवरील वेष्टण वितळूं लागलें होतें, आणि तेथून वीतभर अंतरावरून पेट्रोलची नळी जात होती. दादांनीं झटकन् बॅटरीची तार काढली म्हणून निभावलें. ज्या तुकड्याचें काम उष्णता अंगावर घेणें, त्याला गुंडाळून ठेवण्याची अक्कल मला सुचावी! चिनी मातीचें कवच त्याला असतें तें शोभेसाठीं नव्हे. तो टपाखालील मोकळ्या पत्र्यावर, वारा लागेल अशा जागीं, स्क्रूनें घट्ट बसवावा. आसपास इंधनाची किंवा वायूची नळी, रबर, तारांचा जुडगा नसावा. त्याच्या टोंकांना जोडलेल्या तारांवर उष्णता सोसणारें वेष्टण घालावें. आणि हें सारें काम बॅटरीची एक तार सोडवूनच करावें.

दुसरी चूक होतां होतां टळली. नव्या व्यवस्थेंत पॉइंट तापेनात, कॉइलला हात लावतां येऊं लागला, पण सकाळीं गाडी सुरू होण्यास कुरकुर करी, कारण वळशाची तार आम्हीं घातलीच नव्हती. मिस्त्री म्हणाला, सोपें आहे. सेल्फला जाणाऱ्या जाड तारेवरून एक फांटा काढून कॉइलला जोडतों. मीहि मान डोलावली. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदाराला सहज सांगितलें, तर ते म्हणाले, “गाडी सुरूच होणार नाहीं. झाली तर चावी सोडतांच बंद पडेल.” कारण विचारलें. सेल्फ फिरत नसतो तेव्हां त्याच्या आंतील जाड तार ही जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली जवळजवळ मोकळी वाटच असते. चावी सोडल्यावर रोधकांतून कॉइलकडे निघालेली वीज त्या फांट्यानें उलटी वळून सेल्फमधून सांगाड्यांत जिरेल, आणि कॉइल कोरडी राहील. कांहीं गाड्यांच्या सेल्फच्या डोक्यावर या कामासाठीं वेगळा खिळा दिलेला असतो. त्यावर वीज फक्त सेल्फ फिरत असतांना येते आणि एरव्हीं तो कोठेंच जोडलेला नसतो. तसा नसेल तर हॉर्नसाठीं वापरतात तसा रिले बसवावा. चावीकडून सेल्फला इशारा देणारी जी बारीक तार जाते, तीवरून रिले ओढवावा, आणि रिलेच्या मिटणाऱ्या टोंकांतून बॅटरीची वीज सरळ कॉइलला द्यावी. चावी सुटली, रिले सुटला, दोन्ही वाटा अलग. दादांच्या गाडींत आम्हीं हाच रिले बसविला.

शेवटीं मीटर लावला. पॉइंट मिटलेले, गाडी बंद, चावी चालू, अशा स्थितींत कॉइलच्या तोंडाशीं 6 व्होल्टच्या आसपास. गाडी सुरू असतां सरासरी 9 च्या आसपास. मिस्त्री म्हणाला, बारांतले तीन कोठें गेले? मीं रोधकाकडे बोट दाखविलें. त्यानें बोट लावून पाहिलें आणि लगेच मागें घेतलें.

त्या पावसाळ्यांत पुन्हां पॉइंट जळले नाहींत. दादांनीं गाडी विकली नाहीं. मुलीचें कॉलेज व धाकट्याची आय.टी.आय. त्याच गाडीवर झाली. जाणकार या नात्यानें मला तेव्हांपासून चाळीच्या आसपासचे टॅक्सीवाले हांक मारूं लागले, आणि तेथें माझी खरी परीक्षा झाली. कारण आतां प्रत्येकाला तो पांढरा तुकडा हवा होता! एकानें मला न विचारतां आपल्या जुन्या 3 ओमच्या कॉइलला तो लावून घेतला. बेरीज साडेचार ओम झाली, प्रवाह 3 अँपियरवर उतरला, आणि त्याची गाडी चढावर धापा टाकूं लागली. शब्दशः पाहतां पूर्वींच्या मिस्त्रीचें वाक्य त्याच्या बाबतींत खरें ठरलें. त्या तुकड्यानें करंट खाल्ला.

हौसेनें जुनी फियाट किंवा जीप बाळगणारीं घरें आजहि गिरगांव-दादरकडे आहेत, आणि त्यांचीं पत्रेंहि मला कधीं कधीं येतात. त्यांना एवढेंच सांगणें कीं, तुकडा विकत घेण्यापूर्वीं कॉइल मोजा. दोन जाड टोंकांमध्यें 3 ओमच्या आसपास भरली तर रोधकाचें नांव काढूं नका. दीडच्या आसपास भरली तर रोधकाशिवाय एक दिवसहि चालवूं नका, मग गॅरेजवाला कांहींहि म्हणो. आपल्या गाडींत तारेच्या वेष्टणांतच कोणीं विरोधाची तार आधींच ओवलेली नाहीं ना, हेंहि पाहा. तशी असेल तर दुसरा रोधक नको. पॉइंट काढून त्या जागीं इलेक्ट्रॉनिक पेटी बसविली असेल, तर त्या पेटीसोबतचा कागद वाचल्यावांचून हात घालूं नका. पुष्कळशा पेट्यांना स्वतःसाठीं पूर्ण 12 व्होल्ट लागतात, आणि रोधक असलाच तर तो केवळ कॉइलच्या वाटेंत चालतो. हल्लींच्या नव्या गाड्यांत पॉइंटहि नाहींत आणि तो पांढरा तुकडाहि नाहीं. कॉइलला किती वेळ वीज द्यावयाची हें गाडींतील गणकयंत्र प्रत्येक ठिणगीगणिक ठरवितें.

दादांच्या गाडीची मुदत 2018 सालीं भरली. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे ती नेण्यापूर्वीं त्यांनीं स्क्रू काढून तो रोधक सोडविला आणि फडक्यांत बांधून मला आणून दिला. एका कोंपऱ्यावर त्याचा टवका उडाला आहे. हें भाषण लिहावयास घेण्यापूर्वीं मीं त्याला मीटर लावून पाहिला. तारांचे 0.4 वजा जातां 1.6 भरला.